जिभेची लांबी

"आता तू झोपलीयेस असं समज," आर्वो कांगास बायकोला म्हणाला आणि भिंतीकडच्या बाजूला सरकला.

वर्ना निमूट पडली. निमूट म्हणजे तिच्या मानाने निमूट. गादी बरी आहे, छत फार खाली आहे, पडद्यांचा रंग शाळेच्या खानावळीतल्या वाटाण्यांसारखा आहे, एवढं सगळं तिने पडल्यापडल्या सांगून टाकलं. दारात उभी असलेली विक्रेती, बर्डीन तिचं नाव, सभ्यपणे बाहेर रांगेत उभ्या असलेल्या इतर ट्रेलरांकडे बघत राहिली.

हा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, सतरा फुटी होता. एवढ्या लहान ट्रेलरमध्ये पलंग आडवा बसवलेला असतो, त्याला तिन्ही बाजूंनी भिंती. आत झोपणाऱ्याला उठायचं झालं तर बाहेरच्याला ओलांडून उतरण्याशिवाय इलाज नाही. वर्नाचा डावा खुबा दुखरा, म्हणजे ती बाहेरच्या बाजूला हवी. आर्वो चौऱ्याहत्तर वर्षांचा आणि रात्रीतून तीनदा उठणारा. तेव्हा ही तालीम दुकानातच करून बघायची, असं वर्नाचं म्हणणं पडलं होतं.

"चल, ऊठ. लागलीये तुला," ती म्हणाली.

आर्वोने वरच्या फळीला धरलं, एक पाय बायकोपलीकडे टाकला, दुसरा उचलला आणि त्याचा गुडघा घसरला. नेमका तिच्या डाव्या खुब्यावर बसला.

वर्नाच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. केसांना कंगवा लागायच्या आधी ओरडणारी ही बाई, पण आता तिने फक्त चादर मुठीत धरली. आर्वोने ती मूठ पाहिली.

"लागलं?"

"छे. तू वाळलेला बोंबील, तुझं काय लागणार."

आर्वो खाली उतरला. बुटांच्या नाड्या बांधायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग बर्डीनला म्हणाला, "मोठा दाखवा. चारी बाजूंनी फिरता येईल असा पलंग असलेला."

वर्नाच्या खुब्यातलं दुखणं हाडात शिरलेलं होतं. जूनमध्ये डॉक्टरांनी बरंच गोल गोल बोलून शेवटी सांगितलं होतं, की या उन्हाळ्यात जे करावंसं वाटतं ते करून घ्या. पुढच्या उन्हाळ्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि या दोघांनीही विचारलं नाही. घरी परतताना गाडीत वर्नाने फक्त एवढंच म्हटलं, की तिला मार्टन तळ्यावर जायचंय, नऊ नंबरच्या जागेवर, आणि पाण्याशेजारी झोपायचंय.

लग्नानंतरच्या पहिल्या ऑगस्टात ती दोघं त्या नऊ नंबरवर गेली होती. तेव्हापासून दर ऑगस्टला, तोच कापडी तंबू, तीच कॉफीची काळी किटली. पण तीन वर्षांपूर्वी वर्नाला तंबूतून उठवायला शेजारच्या जागेवरची दोन माणसं बोलवावी लागली. त्यानंतर तंबू माळ्यावर गेला. आता जमिनीवर झोपणं शक्यच नव्हतं, म्हणून हा ट्रेलरचा घाट.

अडचण एकच होती. तळ्याकाठचा रस्ता चिंचोळा, झाडांमधून वळसे घेत जाणारा. तोंडाशी पाटी आहे: सव्वीस फुटांपेक्षा लांब ट्रेलर आत नेऊ नये. म्हणजे आखूड ट्रेलर घ्यावा तर वर्नाला ओलांडायचं, आणि लांब घ्यावा तर तळंच हातचं जायचं. आर्वो महिनाभर या दोन आकड्यांच्या मध्ये अडकून पडला होता.

बर्डीनने दाखवलेल्या दुसऱ्या ट्रेलरमधला पलंग ऐसपैस होता आणि दोन्ही बाजूंना चालायला जागा होती. वर्ना त्यावर बसली, उठली, पुन्हा बसली, कोणाच्याही मदतीशिवाय. आर्वोने खिशातून पोलादी टेप काढला. एकतीस वर्षं त्याने शाळेची चाळीस फुटी बस चालवली होती, अप्पर मिशिगनच्या बर्फात, आणि एकदाही कुठे ओरखडा येऊ दिला नव्हता. तो दुसऱ्याच्या मोजमापावर कसा विसंबणार? त्याने टेपचं टोक ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला लावलं आणि मागच्या बंपरपर्यंत चालत गेला. पंचवीस फूट आठ इंच.

बर्डीन पुढे झाली. "मिस्टर कांगास, पूर्ण लांबी बघायची तर कागदावर..."

"मी चाळीस फुटी चालवलीये," आर्वो म्हणाला. त्याच्या तोंडून एका दिवसात निघणाऱ्या शब्दांपैकी बरेचसे त्यातच खर्ची पडले. कागद त्याने न वाचताच घडी करून ट्रेलरच्या खणात टाकला आणि ट्रेलर घेतला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती दोघं निघाली. वर्नाने आदल्या दिवशी निसू, म्हणजे वेलदोडा घातलेला फिनिश गोड पाव, भाजला होता, त्याचा वास पिकअपभर पसरलेला. चार तासांच्या वाटेत तिने नऊ नंबरचा सगळा इतिहास पुन्हा एकदा सांगितला. कुठल्या साली अस्वलाने डबा पळवला, कुठल्या साली आर्वो पाण्यात पडला आणि पडतानासुद्धा बोलला नाही. आर्वो मान हलवत होता. त्याला ते सगळं पाठ होतं आणि पुन्हा ऐकायचंही होतं.

फाटकावरच्या खोलीतून खाकी शर्टातली एक बाई बाहेर आली, चाळिशीची, हातात मोजणीचं चाक. जवळ येताच तिचा चेहरा उजळला.

"मिस्टर कांगास! मी लॉरेल. लॉरेल माकी. तुमच्या बसमध्ये होते, चौथ्या बाकावर."

"खिडकीशी," आर्वो म्हणाला. "डबा विसरायचीस."

लॉरेल खुशीत हसली. मग म्हणाली, हे काय, नुसती रीत म्हणून, आणि चाक फिरवत ट्रेलरच्या कडेने चालत गेली. मागे पोचली तेव्हा तिचं हसू मावळलं होतं. ती परत पुढे आली आणि या वेळी सावकाश चालत पुन्हा मोजलं.

"तीस फूट एक इंच," ती म्हणाली.

"पंचवीस आठ," आर्वो म्हणाला. त्याने खाली उतरून टेप काढला आणि टोक पुढच्या भिंतीला लावलं. लॉरेलने हळूच त्याच्या हाताला धरलं. ट्रेलरच्या पुढे जो लोखंडी तिकोन निघतो आणि पिकअपच्या आकड्यात अडकतो, त्याच्या टोकावर तिने बोट ठेवलं. तिकडे त्याला सगळे जीभ म्हणतात.

"इथून, मिस्टर कांगास. जिभेपासून. आणि मागे बंपरला कंपनीने बसवलेला तो सायकलींचा सांगाडा पण धरायचा."

बसला जीभ नसते. बस म्हणजे बंपर ते बंपर, एकतीस वर्षं तेवढंच. आर्वोने आता स्वतःची जीभ चावली, पण खणातल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेले तीस फूट त्यामुळे कमी होणार नव्हते. पिकअपची काच खाली होती. आत वर्नाने सगळं ऐकलं होतं आणि ती समोर बघत बसली होती.

लॉरेलने सांगितलं, वर सडकेजवळच्या मैदानात मोठ्या ट्रेलरांसाठी जागा आहे. वीज आहे, नळ आहे. तळं मात्र तिथून दिसत नाही. एवढं बोलून ती घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी एक वाजता जेवायला जाते. अर्धा तास इथे कोणी नसतं. तुम्ही आत गेलात, तर मी काही बघितलेलं नसेल."

"वाट बघून येतो," आर्वो म्हणाला.

तो एकटाच चालत आत गेला. आठ नंबरच्या पुढे रस्ता डावीकडे वळतो आणि वळणावर एक जुनं हेमलॉकचं झाड आहे. आधीच्या ट्रेलरांनी घासून त्याची साल कमरेच्या उंचीवर ठिकठिकाणी सोललेली होती. आर्वोने पावलं टाकून बघितली, मागच्या चाकांची वाट डोळ्यांनी आखली, दोनदा मागे आला. मग नऊ नंबरवर गेला. तळं अगदी पायाशी होतं. दगडावर पाणी डुचमळत होतं, दरवर्षीसारखंच.

तो परतला तेव्हा एक वाजून गेला होता आणि फाटकावर खरंच कोणी नव्हतं.

"जाईल?" वर्नाने विचारलं.

"जाईल."

"मग?"

"न्यायचा नाही," आर्वो म्हणाला. "वळणावर अडकला तर आतली चौदा कुटुंबं कोंडली जातील. आणि ती पोर. बस थांबेपर्यंत तिला मी रोज पिवळ्या रेघेच्या मागे उभं करायचो."

वर्ना काहीच बोलली नाही. तिचं ते न बोलणं आर्वोला फार झालं. एक्कावन्न वर्षांत घरातलं बोलणं तिच्याकडे होतं, त्यामुळे त्याला सवयच नव्हती. खिडकीच्या चौकटीला धरून तो उभा राहिला.

"मी जीभ मोजली नाही गं, वर्ना."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. खुबा दाबून धरत ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आपल्या घरातली सगळी जीभ माझ्याकडे," ती म्हणाली. "तुला कुठून मोजता येणार रे?"

हसणं ओसरलं तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"मला पाण्याशेजारी झोपायचं होतं, आर्वो. बाकी काही नको होतं. तो पलंगही नको होता."

आर्वोने खिशातून पुन्हा टेप काढला. या वेळी तो पिकअपच्या मागे गेला. मागचं फळकूट खाली पाडून त्याने हौद्याची लांबी घेतली आणि आतल्या चाकांच्या दोन उंचवट्यांमधली रुंदी घेतली. वर्ना आरशातून बघत होती. त्याने प्रत्येक माप दोनदा घेतलं, आणि नंतर, कुठे काही पुढे आलेलं राहून तर गेलं नाही ना, म्हणून फळकुटाची कडासुद्धा चाचपून पाहिली.

ट्रेलर त्यांनी वरच्या मैदानात सोडला. आर्वो त्यातली ती ऐसपैस गादी एकटाच दारातून ओढत होता. तेवढ्यात जेवून परतलेली लॉरेल तिथे आली. मैदानात सोडलेल्या ट्रेलरकडे तिने एकदा पाहिलं, मग काही न विचारता गादीचं दुसरं टोक धरलं. गादी हौद्यापेक्षा रुंद होती, तिच्या कडा दोन्हीकडे वर वळून बसल्या.

"पाळणाच झाला की," वर्ना म्हणाली. तिचा आवाज पूर्ववत झाला होता.

नऊ नंबरवर आर्वोने पिकअप एका दमात उलटी घातली, तोंड रस्त्याकडे आणि फळकूट पाण्याकडे. ट्रेलरची पायरी त्याने सोडवून आणली होती. तिच्यावर पाय ठेवून, त्याच्या खांद्याला धरून, मधे दोनदा थांबून वर्ना वर चढली. संध्याकाळी त्यांनी काळ्या किटलीतली कॉफी प्यायली आणि निसू पाव खाल्ला. शेजारच्या जागांवरची तरुण जोडपी कुतूहलाने बघून गेली. वर्नाने त्यांना जीभ न मोजल्याची गोष्ट सांगितली, दोनदा, आणि दुसऱ्यांदा ती बरीच लांबली. आर्वो मान हलवत राहिला.

गादीवर आता एकाच माणसापुरती सपाट जागा उरली होती.

"आणि तू कुठे झोपणार?" वर्नाने विचारलं.

आर्वोने घडीची खुर्ची फळकुटाला टेकवून ठेवली आणि तिच्यावर घोंगडी टाकली. "तू उठशील तेव्हा हात लागेल कोणाचा तरी."

पहाटे त्याला जाग आली तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठाला लून पक्षी ओरडत होते. त्याची मान आखडली होती आणि घोंगडी दवाने ओली झाली होती. खांद्यावर काहीतरी जड होतं. वर्नाचा हात. ती कधीपासून जागी होती कोण जाणे, पण इतका वेळ एक शब्द न बोलता तिने पाणी ऐकलं होतं.

"पुढच्या वर्षी छोटाच घेऊ," ती म्हणाली.

आर्वोने तिचा हात धरला. तिला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. त्याने तळ्याकडे बघितलं.

"मग मला ओलांडावं लागेल तुला," तो म्हणाला.

"ओलांड की. हळू ओलांड म्हणजे झालं. किती फुटी घ्यायचा?"

"सतरा," आर्वो म्हणाला. आणि जरा वेळाने, पाण्याकडे बघतच, "जिभेसकट."