पश्चिम तीर

पाच न्हावी. पाचही डावखुरे.

*

आरशासमोर भांग पाडता पाडता तिचा हात डोक्यावरच थांबला.

*

नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. याबद्दल कुणाचं भांडण नाही.

*

इतिहास विभागाच्या प्रमुखांना मुलं पाठीमागे होकायंत्र म्हणतात. कँटीनचा रस्ता विचारला तरी सर 'ईशान्येला' म्हणून सांगतात.

*

"जागा एकच आहे. लघुप्रबंधाचं पारितोषिक ज्याला, पीएच.डी. त्याला," असं सरांनी एम.ए.च्या वर्गाला सांगून ठेवलं होतं.

*

"एम.ए. झालं, हौस फिटली," असं म्हणून दादाने तिच्यासाठी विमा कचेरीत शब्द टाकून ठेवला होता.

*

न्हावी होते एका फोटोत, आणि फोटो होता सरांच्या खुर्चीमागे. नदीकाठचा जुना बाजार, काठाला बांधलेल्या होड्या, पुढे ओळीने बसून दाढ्या करणारे पाच जण. या फोटोवरून सरांनी पुस्तक लिहिलं होतं : बाजार पूर्व तीरावर, म्हणून गावाची सुरुवातही तिथूनच. तिच्या लघुप्रबंधाचं म्हणणं असं, की छापताना निगेटिव्हची काच पालथी पडली. फोटो उलटा आहे. बाजार पश्चिमेला होता.

तोंडी परीक्षेला समोर तेच सर बसले होते. शेजारी बाहेरगावच्या परीक्षक बाई.

"म्हणजे एवढी वर्षं मी नदीच्या चुकीच्या बाजूला उभा आहे?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

तिने फोटोतल्या वस्तरे धरलेल्या पाच डाव्या हातांकडे बोट दाखवलं.

"डावखुऱ्यांची गल्ली असेल एखादी," सर म्हणाले.

"आणि सगळ्यांच्या कोटाची बटणंही बायकांसारखी?"

बाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता.

"तोंडाने कोणीही बोलेल," सर म्हणाले. "दाखव."

"फोटो खाली काढावा लागेल."

सरांनी स्वतः स्टूल ओढलं. ती वर चढली. फ्रेमच्या मागची धूळ तिघांच्या अंगावर आली. खोलीत आरसा नव्हता, म्हणून वरात निघाली व्हरांड्यातल्या बेसिनकडे : फोटोचं एक टोक तिच्या हातात, दुसरं सरांच्या, मागून शिंकत बाई. हात धुणारी मुलं बाजूला झाली.

फोटो आरशासमोर धरला. पाचही वस्तरे उजव्या हातात आले. बटणं जागेवर गेली.

"होड्या बघा," ती म्हणाली. "दोर ताणून सगळ्या उजवीकडे गेल्यात. म्हणजे पाणी उजवीकडे चाललंय, दक्षिण उजवीकडे. मग फोटोवाल्याचं तोंड पूर्वेला, आणि तो उभा आहे..."

"थांब!" सर ओरडले. त्यांनी डोळे मिटले, मोकळा हात हवेत फिरवला, स्वतःशीच पुटपुटले. डोळे उघडले तेव्हा ते हसत होते. "पश्चिमेला! अगं चिवटाबाई, पश्चिमेलाच की!"

"सर, फोटो!" बाई किंचाळल्या. सरांनी टाळी द्यायला दुसराही हात सोडला होता. फ्रेम तिने गुडघ्यावर झेलली.

"मला काही विचारायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

"मला पुस्तक परत लिहायचंय," सर म्हणाले. "पण आधी हिला लिहू दे. जागा हिची, पारितोषिक हिचं. आणि हा फोटो पुन्हा टांगायचा तो सरळ छापून."

बेसिनपाशी कुणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि वर्गातली मुलं काय झालं म्हणून बाहेर आली.

तिने आत्याला फोन लावला. ती आत्याकडे राहून शिकत होती.

"मिळालं!" ती हळूच म्हणाली.

"काय ते?"

"दोन्ही!"

"मग असं कुजबुजतेस काय? मोठ्याने सांग, शेजारीण खिडकीतच उभी आहे. आणि दादाला मी कळवते, तो आनंद मला घेऊ दे."

ती व्हरांड्यातच मोठ्याने ओरडली. सरांनीही तिच्या आवाजात आवाज मिसळला.

सकाळी निघताना तिने डबा घेतला नव्हता. सर दोन मिनिटांत हाकलतील, जेवायच्या आत परत येईन, असं ती आत्याला म्हणाली होती.