परतीचं पान

बॅगेची चेन अर्ध्यावर येऊन अडकली आणि कर्रकन वाजली. लाईन गेलेली, कूलर बंद, बाहेर चिटपाखरू नाही. त्या निपचित घरात तो आवाज एवढा मोठा झाला, की दिव्यानीनं चेनही तशीच धरून ठेवली नि श्वासही. खाटेवर संघप्रिया पालथी झोपली होती. एक पाय भिंतीला टेकवलेला, जणू भिंत पडू नये म्हणून तिनंच आधार दिलाय. पायाची बोटं आकसली, सुटली, आणि पुन्हा सगळं शांत झालं.

चेनीत फ्रॉकचा काठ अडकला होता. दिव्यानीनं तो नखानं सोडवला, घडी पुन्हा दाबली. दोन दिवस आजीकडं जायचं तर तीन फ्रॉक पुरतात. तिनं चौदा भरले होते. खाली, कुणाला दिसू नये अशा तळाला, स्वेटर होता. जूनच्या घामट दुपारी पोरीचा स्वेटर भरणाऱ्या बाईला कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं, याचंही उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. पण विचारणारं कुणी नव्हतं.

उद्या रविवार. पहाटे निघून अहेरीहून चांद्याला जायचं, पोरीला सासूच्या स्वाधीन करायचं, सोमवारी परत यायचं, मंगळवारी सकाळी वॉर्डात हजर. ठरलं होतं महिन्यापूर्वीच, आणि ठरवणारी दुसरी कुणी नव्हती, तीच होती. नवरा, प्रफुल, चांद्याच्या बाजूला कोळशाच्या खाणीत. तिची बदली तीन वर्षं कागदावर. पोरीला सांभाळणारी सोमारी धानाच्या रोवण्याला एटापल्लीकडं आपल्या गावी निघालेली, तिच्या लेकीचं बाळंतपणही तिथंच. त्यातच मागच्या महिन्यात एका रात्रपाळीला सोमारी आली नाही म्हणून दिव्यानीनं पोरीला सोबत नेलं, नर्सांच्या खोलीत चादर टाकून निजवलं. रात्री ट्रकखाली आलेला एक मोटरसायकलवाला आणला. लाल धुळीनं नि रक्तानं तो एकाच रंगाचा झाला होता. दिव्यानी त्याच्या हाताला सलाईन लावत असताना सहज मागं वळली तर दारात संघप्रिया उभी. रडत नव्हती. नुसती बघत होती, साडेचार वर्षांची पोर. दुसऱ्या दिवशी दिव्यानीनं स्वतःहून सासूला फोन लावला, "आई, तिकडच्या शाळेत नाव घाला." प्रफुलला तिनं फक्त सोमारीचं कारण सांगितलं होतं.

पोरीला मात्र अजून काहीच नाही. वाटेत सांगू, असं तिनं ठरवलं होतं. गोंडपिपरीला झाडाखाली गाडी लावू, तिथं सांगू. रडेल तेवढं रडू देऊ. त्यासाठी तिनं मनातल्या मनात वीस मिनिटंही धरली होती.

फोन थरथरला. ती तो घेऊन परसात गेली.

"दिव्यानी, कपड्याईवर नाव घातलं का पोरीचं?" सासूचा, शकुबाईंचा आवाज नेहमीसारखा, हॅलोच्या आधीच सुरू झालेला. "शाळेत हरवते मंग."

"घालते, आई."

"अन् तू एकटी गाडी आणून राह्यली म्हणे. प्रफुलले सुट्टी नाई तर एस.टी. नाई का?"

"एस.टी.त तिला उलट्या होतात, आई."

"तुया गाडीत का होनार नाई? उलटी का तिकीट पाहून येते?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "हळू ये. मी भाजी-भाकर करून ठेवतो. अन् तिले काय आवडते ते लिहून आनजो. मले आता याद नाई राह्यत."

लिहून आनजो. दिव्यानी परसात उभी राहिली. काय लिहायचं? भात कालवताना मधोमध खड्डा करावा लागतो. झोपताना कान धरू द्यावा लागतो, तिचा नाही, आपला. हे कुठल्या कागदावर मावणार?

ती गाडीपाशी गेली. सकाळपासून चौथ्यांदा. दोन वर्षं जुनी म्हणून घेतलेली नि प्रत्यक्षात पाच वर्षं जुनी निघालेली ती पांढरी गाडी कडुलिंबाखाली उभी होती. दिव्यानीनं टायरला लाथ मारून पाहिली, आरसा पुसला, पाण्याच्या बाटल्या मागं ठेवल्या, पुन्हा काढून पुढं ठेवल्या. ती आजवर स्वतः गाडी चालवत आलापल्लीपलीकडं गेली नव्हती. फोनमधला नकाशा म्हणत होता, पावणेतीन तास. तिला ते पटत नव्हतं. शेवटी ती शेजारच्या ओट्याकडं वळली.

मुखरूभाऊंनी बत्तीस वर्षं एस.टी. हाकली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी खाकी शर्ट अंगावर नि पेन खिशाला. अहेरीत कुणी लांब निघालं की आधी त्यांना विचारून जातं. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"मुखरूभाऊ, उद्या चांद्याले जाऊन राह्यली मी. गाडी घेऊन."

"कोन चालवून राह्यलं?"

"मीच."

अडकित्ता थांबला. "आष्टीच्या रोडनं?"

"दुसरा रोड हाय का?"

"हाय ना. घरी बसाचा." ते स्वतःच हसले, मग तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. "बसा, सिस्टरबाई. मोबाईल का म्हणते?"

"पावणेतीन तास."

"त्याले ट्रक दिसते का पन? सूरजागडच्या लोखंडाच्या खदानीतल्या लाल गाड्या मोजल्या का त्यानं? अर्धा दिवस धरा. त्यात कमी करनारा अजून जन्माले आला नाई. अन् जे कमी करते, ते तुमच्याच दवाखान्यात येते, तुमाले ठाऊक हाय."

तिला ठाऊक होतं.

त्यांनी घरातून एक लग्नपत्रिका आणली. कुणाचं तरी लग्न लागून गेलेलं. आतली घडी उलटी करून त्यांनी दोन कोरी पानं समोर पसरली. डाव्या पानावर वर लिहिलं, 'जाणे'. अक्षर मोत्यासारखं, लॉगशीट भरून भरून झालेलं.

"पाचले चाबी फिरली पाह्यजे. सव्वापाचले आलापल्ली. तिथी चहा प्याचा नाई."

"काऊन?"

"कारन ट्रकवाले बी तिथीच चहा पेते. त्याईचा कप खाली ठेवाच्या आधी तुमी लगामच्या रस्त्याले लागा." पेन चालत होतं. "लगामच्या अलीकडं जंगलात रोड खराब हाय. खड्डा चुकवाले उजव्या बाजूले जाऊ नका, खड्ड्यातूनच जा. खड्डा कंबर मोडते, ट्रक सगळंच मोडते. मागचा हॉर्न मारून राह्यला तं साइड द्या. घाई त्याची हाय, तुमची नाई. सातच्या आत आष्टी. पूल पार झाला की नदीच्या पल्याड थांबा. पोरीले गाडी लागते ना?"

"लागते."

"मंग निघताना दूध नाई पाजाचं. कोरडे मुरमुरे द्या." त्यांनी पुलापुढं एक बारीक गोल काढला. "हा पोरीचा स्टॉप. दुसरा गोंडपिपरीले. तिसरा कोठारीले, तिथी मोठी झाडं हायेत. मंग बल्लारपूर, मंग चांदा. साडेदहा-अकरा. आता दुसरं पान."

"कशाला?"

"परती."

"परतीचं बघू, भाऊ. सोमवारी येईन कधीपन."

मुखरूभाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टरबाई, डेपोत गाडी लागली की दोन टाइम लिहिल्या जाते, जायाचा अन् याचा. परती लिहिल्याबिगर मी उभ्या जिंदगीत फाटकाच्या बाहेर स्टेअरिंग काढलं नाई. जायाचं नसलं लिहिलं तरी एक वेळ चालते." आणि तिच्या होकाराची वाट न पाहता त्यांनी उजव्या पानावर लिहायला घेतलं. 'परती. सोमवार. चांदा दुपारी एक.' ते पुटपुटत होते, "ऊन राह्यते, पोरीच्या खिडकीले ओढनी बांधजा... कोठारी, एक स्टॉप..." पेन गोल काढायला टेकलं.

"तिथं गोल नका काढू," दिव्यानी म्हणाली.

"काऊन? जेवून झोपते का ती?"

समोर कोंबडी मातीत अंग घुसळत होती. दिव्यानीला वाटलं, उठून गाडीच्या काचा बघाव्या, हवा बघावी, काहीही बघावं. तिचे हात ओट्याच्या कडेवरून नुसते फिरत राहिले.

"ती परतीत नाही, भाऊ," ती शेवटी म्हणाली. "तिथंच राहते आता. शाळेला."

मुखरूभाऊंनी पेनाला टोपण घातलं. काढलं. पुन्हा घातलं.

"तिले सांगतलं?"

"वाटेत सांगते."

"गाडी चालवता चालवता?" त्यांचा आवाज एकदम चढला, डेपोतल्या नवख्या ड्रायव्हरवर चढत असेल तसा. "डोळे भरले की रोड दिसत नाई, बाई. पानी आलं तर वायपर काचेवर चालते, डोळ्यात नाई चालत. सांगाचं असन तर चाबी फिरवाच्या आधी सांगा. नाई तर जाऊच नका."

तिनं मान खाली घातली. सुपारीचं एक खांड तिच्या पायाशी पडलं होतं, ते उचलून तिनं परत ताटलीत ठेवलं.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "आमचा निकेश चामोर्शीले होता, माह्या भावाकडं. सहावीपासून. मी त्याच रूटवर. हप्त्यातून तीनदा माही गाडी स्टँडवर लागे, पाच मिनिटं. तो फाटकाशी उभा राहे. मी खाली उतरून त्याले केळ देवो, तो गाडीचा बोनेट हातानं पाहे, गरम हाय का म्हनून. पाच मिनिटं झाली की कंडक्टर घंटी मारे."

"मग?"

"मंग काय. मोठा झाला. पुण्यात हाय. चांगला हाय." त्यांनी अडकित्ता उचलला. "मी फोन केला की पयले इचारते, बाबा, काई काम होतं का?"

मग त्यांनी पत्रिका ओढून घेतली आणि उजव्या पानावर खाली एकच ओळ लिहिली: 'आष्टीले थांबून तोंड धुणे.' पान घडी करून तिच्या हातात दिलं. "एकटीले एवढंच लागते," ते म्हणाले.

घराकडं वीस पावलं. तेवढ्यात तिनं तीनदा बेत बदलला. फोन करून सांगावं, येत नाही. मग पुढच्या रात्रपाळीला पोर कुठं निजणार? सोमारीसोबत पाठवावी, रोवणं संपेपर्यंत, जंगलात आनंदानं राहील ती. आणि शाळा? नोकरी सोडावी. तिचाच पगार होता म्हणून ती गाडी कडुलिंबाखाली उभी होती, आणि तीच गाडी पोरीला पोचवायला निघाली होती. प्रत्येक रस्ता फिरून त्याच दारात येत होता, जिथं साडेचार वर्षांची पोर उभी राहून न रडता बघत होती.

आत संघप्रिया उठून बसली होती. केस एका बाजूला चेपलेले, गालावर चादरीची नक्षी. मुखरूभाऊंच्या ओट्याकडची खिडकी सताड उघडी होती. दिव्यानीला ती तशी असते हे चार वर्षांत आज पहिल्यांदा दिसलं.

"कधी उठली गं?"

"मघाच."

दिव्यानी खाटेपाशी जमिनीवर बसली, म्हणजे पोरीचे डोळे तिच्या डोळ्यांच्या समोर आले. गोंडपिपरीचं झाड तिनं सोडून दिलं. वीस मिनिटंही सोडून दिली.

"उद्या आपण आज्जीकडं जाणार," ती म्हणाली. "तिथं तुझी शाळा आहे. तू तिथंच राहणार. बाबा रोज संध्याकाळी दिसतील. आज्जी मुरमुऱ्याचा चिवडा करते."

"किती दिस?"

"शाळा असेल तोवर. मी सुट्टी मिळाली की येईन. दर पंधरा दिवसांनी."

"पंधरा म्हंजे लय?"

"दोन्ही हातांची बोटं, आणि एका पायाची."

संघप्रियानं हात पुढं धरले. मग एक पाय उचलून मांडीवर घेतला आणि त्याची बोटं एकेक करून मोजली. बरोबर निघाली. दिव्यानीनं स्वतःला आवळून धरलं होतं. आता ओठ थरथरेल, आता भोकाड येईल, मग कुशीत घ्यायचं, मग पाणी, मग मुरमुरे. सगळं क्रमानं ठरलेलं होतं.

पोर रडली नाही. तिनं पाय खाली सोडला. बराच वेळ ती खिडकीतून कडुलिंबाखालच्या गाडीकडं बघत होती, कपाळाला आठी घालून, घरातली मोठी माणसं हिशेब जुळत नसला की बघतात तशी. मग तिनं आईच्या कानाची पाळी चिमटीत धरली, आणि अगदी काळजीनं विचारलं,

"मंग येतानी तू कोनासंग बोलशीन?"