दुसऱ्या गेअरची खोड

त्रिंबकची फटफटी सपाटीला वाऱ्याशी बोलायची आणि चढ दिसला की अंग चोरायची. गाडी जुनी, विलायती, बाजूला माणूस बसायला होडीसारखा डबा असलेली. रस्ते-पूल बांधणाऱ्या तामीरात खात्यातल्या एका इंजिनीयर साहेबाची वरंगळला बदली झाली, तेव्हा ती त्रिंबककडे आली. जाताना साहेबानं सांगून टाकलं होतं, "दुसरा गेअर चढावर सुटतो. या जातीच्या सगळ्याच गाड्यांना ही खोड आहे. चढ टाळत जा."

त्रिंबक पिठाच्या गिरणीचं इंजिन सांभाळायचा. यंत्राच्या खोडी त्याला नव्या नव्हत्या. पण चढ टाळून त्याला चालणार नव्हतं, कारण गाडी त्यानं एका चढासाठीच घेतली होती. नारायणगडाच्या.

त्याची माय भिवराबाई दर यात्रेला गड पायी चढायची. मग तिचे गुडघे गेले. यात्रेत बैलगाड्या पायथ्यालाच सोडायची रीत, आणि म्हाताऱ्या माणसांना वर न्यायला डोलीवाले असत. पण भिवराबाई डोलीत बसेना. "चौघांच्या खांद्यावर माणसानं एकदाच जावं," ती म्हणायची, "आन् त्याला अजून अवकाश हाय." मग ती खाली लिंबाच्या सावलीत बसायची, नारळ दुसऱ्याच्या हाती वर पाठवायची, आणि घरी आल्यावर चार दिवस कुणाशी धड बोलायची नाही. तिचं ते गप्प बसणं त्रिंबकला सोसत नसे.

यात्रेच्या दिवशी त्यानं तिला डब्यात बसवलं. दुसरा गेअर सुटतो हे ठाऊक होतं, म्हणून टाकीशेजारची गेअरची दांडी त्यानं बैलाच्या जुपणीनं, म्हणजे जुवाच्या चामडी पट्ट्यानं, आवळून बांधली. पहिल्या गेअरमध्ये सगळा चढ चढता आला नसता. इतका वेळ इंजिन घोंघावलं की ते तापून बंदच पडायचं.

अर्ध्या चढावरच्या वळणाला जुपणी तुटली. दांडी खाडकन मागं आली, इंजिन नुसतंच किंचाळलं आणि गाडी उलटी घसरायला लागली. लोकांनी चाकाखाली दगड घातले.

डोलीवाल्यांचा मुकादम तात्याबा तिथंच उभा होता. "काय बे त्रिंबक, तुझं घोडं तर पाठीमागं चालतंय. शेपटाकडून हाकायचं का याला?"

"तात्याबा, हसून घे," भिवराबाई म्हणाली. "तुझ्या डोल्या आज रिकाम्या न्हाईत, तवर हस."

ती काठी टेकत खाली उतरली आणि नेहमीसारखी लिंबाखाली जाऊन बसली. घरी आल्यावर मात्र ती गप्प राहिली नाही. "तू मनाला लावून घेऊ नको," एवढंच म्हणाली. त्रिंबकला ते गप्प बसण्याहून जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गेअरची पेटी अंगणात उघडली. आत दोन चाकं शेजारीशेजारी. एकाच्या अंगातून जाड दाढा बाहेर आलेल्या, दुसऱ्याला तेवढ्याच खाचा. दांडी ओढली की दाढा खाचांत शिरतात आणि दोन्ही चाकं एकजिवानं फिरतात. या गाडीच्या दाढा घासून गोलसर झाल्या होत्या. चढावर जोर आला की त्या खाचांतून घसरून बाहेर येत. नवी चाकं मिळतात का, म्हणून त्यानं हैदराबादला विचारून पाहिलं. इतक्या जुन्या गाडीचं सामान कुणाकडेच नव्हतं.

असाच तो एका सकाळी तेलकट हातांनी चाकं न्याहाळत बसला होता. ओट्यावरून भिवराबाई म्हणाली, "उठव रं मला."

त्यानं हात दिला. तेलानं तळवा सटकला आणि ती पुन्हा खाली टेकली.

"असा पसरट हात कावून देतोस? बोटं वाकव. आकड्यात आकडा घाल."

त्यानं बोटं वाकवली, तिनं त्यांत आपली अडकवली. हात तेवढेच तेलकट होते. पण आता ती जितका भार टाकत गेली तितकी बोटं घट्ट होत गेली. ती उठून उभी राहिली तरी त्रिंबक हात सोडेना.

"सोड की आता. लुगडं भरवलंस तेलानं."

"माय, परत एकदा बस आन् उठ."

"माझे गुडघे काय खेळायला हायेत का?"

त्रिंबक चाकं घेऊन निघालाही होता.

तलवारी-सुऱ्यांना धार लावणारे दादामियाँ सिकलगार पेठेत बसत. त्रिंबकनं त्यांना बोटांचा आकडा करून दाखवला. दाढेची कड सरळ नको, आतल्या अंगाला जराशी तिरपी हवी. खाचेचीही तशीच. मग जोर आला की एकमेकांपासून सुटायच्या ऐवजी चाकं एकमेकांत ओढली जातील.

"लई कडक लोखंड हाय," दादामियाँ म्हणाले. "कानस लागणार न्हाई. सानेवर घेऊ. पर तापून निळं पडलं की पानी गेलं, लोखंड मऊ झालं समजा. सबर करा."

साणेचा धारेचा दगड फिरवणारा पट्टा त्रिंबकनं स्वतः ओढला. जरासं घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा जरासं घासायचं. मग दाढांना दिव्याची काजळी लावून चाकं एकमेकांत बसवायची आणि डाग कुठं उमटतो ते पाहायचं. एका दाढेला डाग आला आणि दुसरीला नाही, तर सगळा भार एकटीवर पडून ती तुटणार. पुष्कळदा घासल्यावर सगळ्या दाढांवर सारखे डाग उमटले, तेव्हा दादामियाँनी साण थांबवली.

पुढच्या एकादशीला भिवराबाई पुन्हा डब्यात बसली. तात्याबा म्हणाला, "दगड आणून ठेवू का रे वळणावर?" त्रिंबकनं गाडी सुरू केली.

वळण आलं. त्यानं दुसरा गेअर टाकला. सवयीनं दांडी हातानं दाबून धरली. गाडी चढत होती. इंजिनाचा आवाज बैलाच्या श्वासासारखा एकसारखा येत होता. त्यानं बोटं सैल केली, मग हात पार काढून घेतला.

"हात कावून सोडलास?" भिवराबाईनं डब्याची कड धरली.

"ती सुटत न्हाई आता, माय."

वळण मागं पडलं. डोलीवाले बाजूला झाले, त्यांतले दोघे तर टाळ्या वाजवत होते. वर देवळापाशी गाडी थांबली. भिवराबाई आपली आपण उतरली, भिंतीला धरत आत गेली आणि किती तरी वेळानं बाहेर आली, तेव्हा तिच्या कपाळभर बुक्का होता.

"तू हितं उभा कावून?" ती म्हणाली. "खाली रुक्मिणी बसलीय. चंद्रभागा हाय. त्यांना कोन आणायचं?"

त्रिंबक खाली गेला. लिंबाखालच्या म्हाताऱ्या एकेक करून डब्यात बसल्या आणि वर गेल्या. कुणी देवाचं नाव घेत, कुणी त्रिंबकच्या दंडाला धरून. दुसरा गेअर एकदाही सुटला नाही.

दिवस कलला. पायथ्याशी तात्याबा उभा होता, शेजारी त्याची सासू सत्यभामाबाई.

"घरच्या डोल्या असून बसंना झाली," तात्याबा खाली बघत म्हणाला. "म्हनती, जाईन तर फटफटीनंच."

"बसा मावशी," त्रिंबक म्हणाला. "मुकादम, तुमीबी या की मागं. जागा हाय."

तात्याबा नाही-हो करत मागं चढला. तिघांना घेऊन फटफटी वळणाला लागली. तात्याबानं डोळे मिटून त्रिंबकच्या कमरेला मिठी घातली, आणि डब्यातून सत्यभामाबाई म्हणाल्या, "जावईबापू, भिऊ नका. मी हाय ना संगट."