बुन्माची कुपी

"मावशी, ही कुपी टाकून द्या. नंबर पुसलाय, आणि बुन्मा नावाचा पेशंट पुन्हा आलाच नाही," डॉक्टर नत्तया म्हणाल्या.

"टाकू? त्यापेक्षा मलाच टाका की!" बुपफा फणकारली.

खोन केन शहरातल्या इस्पितळात सव्वीस वर्षं ती अस्थिमज्जेचे नमुने शीतपेटीत जपत होती. म्हणे आलाच नाही! मरणाच्या दारातून परतलेला माणूस इथे आधी भिक्खूकडे जाऊन नवं नाव घेतो, म्हणजे वाईट नशीब जुन्या नावानं शोधत आलं तरी चुकावं. अर्धा वॉर्ड दुसऱ्या नावावर जगत होता. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण त्यांचा सगळा भरवसा संगणकावर.

"बाहेर तो टेम्पोवाला थनाकोन बसलाय ना? तोच बुन्मा. पहिल्यांदा कमरेत सुई टोचली तेव्हा माझा हात धरून काय शिव्या दिल्या मेल्यानं!"

डॉक्टर एकदम गंभीर झाल्या. थनाकोनचा रक्ताचा कॅन्सर दोन वर्षं दबलेला होता. बहीण आपली अस्थिमज्जा द्यायला तयार होती, पण आत्ताच द्यायची की थांबायचं, तेच ठरत नव्हतं.

"रोग उलटणार असेल तर जनुकांवरच्या रासायनिक खुणा आधी बदलतात मावशी, रक्त मागाहून. पण पहिला नमुनाच नसेल तर ताडून पाहायचं कशाशी, म्हणून अडलं होतं."

"मग ताडून पाहा आता. माणूस तोच की नाही, तेही त्यातच कळेल. नसला तर माझी नोकरी घ्या!"

असं बोलून गेली खरी, पण आठवडाभर तिला घास गोड लागला नाही.

अहवाल आला. माणूस एकच होता. आणि रक्त स्वच्छ असतानाही पहिल्या दुखण्यातल्या खुणा हळूहळू परत उमटत होत्या.

थनाकोनचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे नशिबानं गाठलंच म्हणायचं, मावशी."

"नशिबानं कुठलं रे मुडद्या! मी गाठलं तुला, त्याच्या आधी. बहिणीला बोलाव, आजच भरती हो."

बोलताना तिचा ऊर अभिमानानं भरून आला होता, आणि तो तिनं लपवलाही नाही.

थनाकोन उठला. डॉक्टर समोरच उभ्या होत्या, तरी त्यानं आधी बुपफाला वाकून हात जोडले. ती एरवी मागे सरली असती. आज मान ताठ ठेवून तिनं तो नमस्कार घेतला.