सातव्या मजल्याची हिरवी ओळ

आमच्या साहेबांना आकडे वाचायचा भारी कंटाळा. म्हणून त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर हा भला मोठा पडदा लावला आणि त्यावर डॅशबोर्ड. आम्ही लिफ्टची देखभाल करतो. एका इमारतीची एक ओळ. आठवड्यात एखादी तक्रार आली किंवा आलीच नाही, तर ओळ हिरवी. दोन-तीन आल्या की पिवळी. चार झाल्या की लाल. मेकॅनिक जाणार तो फक्त लाल ओळीकडे, आणि साहेब ओरडणार ते त्या ओळीच्या सुपरवायझरवर. हिरवं असेल तिथे सगळं आलबेल!

मी सुपरवायझर. माझ्या वाट्याच्या एका इमारतीत, अगदी वरच्या, सातव्या मजल्यावर माझ्या सासूबाई एकट्या राहतात. मी त्यांना आईच म्हणते, पण आमचं नातं विळ्याभोपळ्याचं. मी त्यांच्याकडे विसरलेला चष्मा द्यायला त्या एकदा ऑफिसात आल्या, त्या नेमक्या साहेब माझी खरडपट्टी काढत असताना. पडद्यावर त्यांचीच इमारत लालभडक.

"ही ओळ पुन्हा लाल दिसली, तर तुम्ही घरी बसायचं," साहेब म्हणाले.

मला घाम फुटला. ह्यांची नोकरी परगावी, तीही कच्ची. घर चालायचं ते माझ्या पगारावर. आई चष्मा टेबलावर ठेवून निघून गेल्या. झालं, म्हटलं, आता सगळ्या नात्यात दवंडी पिटणार.

पण त्यानंतर ती ओळ जी हिरवी झाली ती हिरवीच. एक तक्रार येईल तर शपथ! आई मात्र फुगल्या असाव्यात. आमच्याकडे यायचं नाव नाही, आणि मी येते म्हटलं की, "नको गं, घराचं रंगकाम काढलंय, वास मारतो." लिफ्टचं विचारलं तर, "अगदी झकास!" मलाही राग आला. नको तर नको, माझं काय अडलंय!

महिनाअखेरीला मोठे साहेब आले. एकही तक्रार नसलेली ओळ ती एकच. ते इतके खूश झाले, की इमारतीला शील्ड द्यायची आणि तीही सगळ्यात वरच्या मजल्यावर स्वतः नेऊन, असं ठरलं. घ्या!

खाली आमच्या साहेबांनी लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाराच्या जाळीला कोळिष्टकं लागली होती.

"वीज गेली असेल," साहेब म्हणाले. जिन्यातला दिवा त्यांच्या डोक्यावरच जळत होता.

निघालो चढत. चौथ्या मजल्यावर एक शेजारीण भाजीची पिशवी घेऊन भेटली. मला बघताच म्हणाली, "तुम्हीच सून ना? आता तरी आम्हाला तक्रार करू द्या हो! मेकॅनिक येऊन गेला आणि लिफ्ट लगेच पुन्हा बंद पडली, तेव्हा सासूबाई तुमच्या भिंत धरधरून एकेक मजला उतरल्या आणि प्रत्येक दार वाजवून सांगून गेल्या, माझ्या सुनेची नोकरी जाईल, कुणी काही बोलू नका. तसला गुडघा! त्यानंतर खालीच आल्या नाहीत बिचाऱ्या. भाजी आम्ही पोचवतो."

पुढचे जिने मी कशी चढले, देव जाणे.

आईंनी दार उघडलं. भिंतींवर नव्या रंगाचा ठिपका नव्हता.

"लिफ्ट... कधीपासून..." मोठ्या साहेबांना धाप आवरेना.

आईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "लिफ्ट? चालतेय की! तुम्ही जिन्याने कशाला आलात?"

मला रडू येणार होतं, पण त्याआधी राग आला. मागोमाग आलेल्या शेजाऱ्यांकडे वळून मी ओरडले, "बघताय काय? करा तक्रार!" धडाधड फोन निघाले. साहेबांच्या हातातल्या टॅबवर ओळ पिवळी झाली, आणि लगेच लाल.

"तुम्ही उद्यापासून..." साहेब म्हणाले. वाक्य पुरं करायला त्यांच्यात दम नव्हता. मोठे साहेब शील्ड मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि त्यांनीच मेकॅनिकला फोन लावला.

"अगं बाई, हे काय केलंस!" आईंनी कपाळावर हात मारला. "महिनाभर मी कुणाकुणाच्या हातापाया पडले!"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. सासूला असं आजवर कधी बोलले नव्हते.

दारामागे त्यांच्या चपला होत्या. धुळीने पांढऱ्या झालेल्या. मी त्या ओढणीने पुसल्या आणि त्यांच्या पायांशी ठेवल्या.