खड्ड्याला लिफ्ट म्हणायचं नाही

आधीच सांगून टाकतो: जहाजावर सौरभ गेला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून पुढे जाऊ. मी गेले तीन आठवडे तसंच धरून चाललोय आणि माझी प्रकृती उत्तम आहे.

तर, जहाजावर कोण जाणार हे अजून ठरायचंय.

खराडीच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर बसून आम्ही समुद्राचा तळ बघतो. महायुद्धात बुडालेली एक विमानवाहू नौका प्रशांत महासागरात साडेपाच किलोमीटर खोल पडलीय. एका मोहिमेचं जहाज तिथे केबलला बांधून कॅमेऱ्याचं यंत्र सोडतं आणि त्याचं रेकॉर्डिंग आमच्याकडे येतं. दिसेल त्या वस्तूभोवती चौकट काढायची आणि नाव लिहायचं. मासा. पाइप. मासा. तोफ, बहुधा. मासा. प्रत्येक तुकडा दोघांनी बघायचा, एकमेकांशी न बोलता. उत्तरं जुळली नाहीत तर आमची टीम लीड वल्लरी दोन्ही जहाजावर पाठवते.

माझा जोडीदार सौरभ, राहणार वारजे. त्याला पोहता येत नाही. मला येतं. नोंद असावी.

एक दिवस वल्लरीने जाहीर केलं, "पुढच्या सफरीला आपल्यातला एक जण जहाजावर. ज्याची नोंद सगळ्यात कामाची ठरेल तो."

मी त्याच संध्याकाळी उलटीच्या गोळ्या आणल्या. मांजरी गावातल्या आमच्या गॅलरीत उभा राहून रोज क्षितिजाकडे बघायचा सराव सुरू केला. क्षितिजावर ऊस होता, आणि ऊस संपला की दुसरी सोसायटी.

आमच्या सोसायटीत सहा मजले आहेत आणि लिफ्टच्या जागी खड्डा आहे. बिल्डर म्हणतो, लिफ्ट दिली. सोसायटीचे चेअरमन श्यामसुंदर, म्हणजे माझे बाबा, म्हणतात, खड्डा दिला. चार वर्षं केस चालू आहे. त्यामुळे घरात एकच नियम: खड्ड्याला लेखी लिफ्ट म्हणायचं नाही. "तोंडाने काय वाटेल ते म्हण," बाबा म्हणतात, "पण कुठे लिहिलंस, तर त्यांचा वकील तो कागद फ्रेम करून आणेल." ग्रुपवर कोणी 'लिफ्टजवळ चप्पल सापडली' असं टाकलं, की तीन मिनिटांत बाबांची दुरुस्ती येते: 'चौकोनी खड्ड्याजवळ.'

आणि मग तो तुकडा आला. गाळाने भरलेला डेक, आणि मधोमध एक प्रचंड, सरळ कडांचा, काळा चौकोन. मी बघताक्षणी ओळखला. असा मी रोज दोनदा बघतो. नौकेच्या पोटातली विमानं वर आणायची लिफ्ट! मला इतका आनंद झाला की लिहायचं सोडून मी चहाला गेलो. तिथे सौरभ होता.

"काय रे आमोद, लग्न ठरलं का?"

"दुपारचा तुकडा बघितलास? सेम आमची लिफ्ट."

"बंद पडलेली?"

"बंद पडायला आधी चालू व्हावी लागते."

दोघेही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

जागेवर येऊन मी चौकट काढली. नावाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. बोटं आपोआप चालली: 'चौकोनी खड्डा'. शेऱ्यात लिहिलं, 'बांधकाम अपूर्ण'. पाठवून दिलं.

सौरभने लिहिलं, 'लिफ्ट'.

जहाजावरच्यांनी कॅमेरा पुन्हा खाली नेला. खड्ड्याच्या भिंतीला लिफ्टचे रूळ सापडले, आणि त्यावरून नौकेची पुढची बाजू कुठली हे पहिल्यांदाच कळलं. ऑफिसात केक आला. केकवर क्रीमची नौका होती. तिलासुद्धा लिफ्ट होती, चेरीची. मला नेमका चेरीचा तुकडा मिळाला.

"ते मी सांगितलं होतं तुला," मी सौरभला म्हणालो.

"हो ना. पण लिहिलंस खड्डा."

"ते आमच्या केसमुळे!"

"मग केस जिंकाल की!" तो म्हणाला, आणि माझ्या प्लेटमधली चेरी उचलून खाल्ली.

मी वल्लरीकडे गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही दोघं तुकड्याबद्दल बोललात? नियम मोडून? बरं, तसं लेखी दे."

मी लेखी दिलं नाही. लेखी देण्याचा मला आता कंटाळा आलाय.

घरी बाबांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढला. "लिहिलंस काय?"

"चौकोनी खड्डा."

"समोर अख्खी लिफ्ट असताना?"

"हो."

"शाब्बास!" बाबांनी माझी पाठ थोपटली. दहावीला ब्याण्णव टक्के मिळाले तेव्हा ते "बरं" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नोंदीची प्रत काढून केसच्या फायलीला लावली.

काल सौरभचा फोटो आला. नारिंगी लाइफ जॅकेट, मागे निळं पाणी, चेहऱ्यावर न पोहता येणाऱ्या माणसाचं समाधान. सोबत व्हॉइस मेसेज: "अरे, इथे जेवायच्या हॉलपासून केबिनपर्यंत लिफ्ट आहे! तुझी आठवण आली."

सहा मजले चढून मी घरी आलो, उलटीची एक गोळी घेतली आणि बाबांच्या लेटरहेडवर लिहायला बसलो.

प्रति,
मोहीमप्रमुख,
प्रशांत महासागर.

विषय: समुद्रतळावरील कथित लिफ्टच्या फेरतपासणीबाबत.

महोदय,
आपल्या दप्तरी 'लिफ्ट' अशी नोंद झालेली जागा, योग्य ते पंचनामे करून, सर्व रहिवाशांसमक्ष (मासे धरून) एकदा चालवून दाखवण्यात यावी. ती विमानासह वर आल्यास माझी काही हरकत नाही. न आल्यास सदर नोंद रद्द करून तेथे 'चौकोनी खड्डा' असे लिहावे, श्री. सौरभ यांना जवळच्या किनाऱ्यावर उतरवावे आणि त्यांच्या रिक्त जागी खाली सही करणाऱ्यास (पोहता येते) तत्काळ रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती.