बोल्ट नसलेल्या बंदुकीची कीर्ती

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, आता माझ्याकडून आवाज होत नाही.

जन्म माझा फ्रान्सचा. एका वेळी एकच गोळी खायची. बोल्टाचा दांडा मागे ओढा, गोळी घाला, दांडा ढकलून तोंड बंद करा. तेव्हा सगळे म्हणाले, व्वा, काय बंदूक! थोड्याच वर्षांत त्यांना भराभर गोळ्या झाडणारी मिळाली आणि मी झाले भंगार. मग जुनी लुगडी बोहारणीला द्यावीत, तसं आम्हाला देशोदेशी खपवलं. बहिणी ग्रीसला गेल्या, चिलीला गेल्या, आणि तिथले सेनापती आम्हाला नव्या म्हणून मिरवू लागले. मी आले इथिओपियाच्या डोंगरात. इथे मला वुजिग्रा म्हणतात.

शेवटचा धनी बेझाबिह. धंदा शेतीचा, तोंड सरदाराचं. मधाची दारू पोटात गेली की मला नाचवत ओरडायचा, "मी सिंहाचा बछडा! येऊ दे शत्रू!" माझ्या गोळीने त्याने जन्मात एक तरस मारलं होतं, तेही म्हातारं.

मग इटलीचं सैन्य खरंच आलं. गावच्या नायकाने नगारा पिटून हुकूम सोडला, ज्या घरात बंदूक, त्या घरातला गडी लढाईला. बेझाबिहने गावासमोर गर्जना केली. दुसऱ्या दिवशी निघताना पाहतो, तर माझा बोल्ट गायब, म्हणजे मी नुसती लोखंडी नळी! बायको, नाव तिचं तादेलेच, चुलीपुढे बसलेली.

"बोल्ट कुठाय गं?"

"लपवलाय मी. नायकाला सांग, बंदूक मोडली. मोडक्या बंदुकीला कोण नेतंय?"

"अगं, काल मी काय काय बोललो, अख्ख्या गावाने ऐकलंय!"

"गाव तुला रोज ऐकतं. मनावर कोण घेतं?"

"दे मुकाट्याने."

"नाही देणार. जा, तसाच जा बघू!"

तो गेला की! माझ्या उघड्या तोंडावर फडकं गुंडाळलं आणि ताठ मानेने चालू पडला. बायकोने बोल्ट लपवला हे चारचौघांत सांगण्यापेक्षा गाढवाला मरण बरं वाटलं. तो कुंपणापासून परत वळेल, असं तिला वाटलं होतं. दुपारी ती बोल्ट घेऊन धावत सुटली, तोवर सैन्य नदीपार झालं होतं.

पहिल्याच चकमकीत तो पडला. शेजारच्या देस्ताने मला घरी आणून दिलं.

मेलेल्याची बंदूक उंच धरून त्याचे गुण गायचे, ही इथल्या सुतकाची रीत. गाणाऱ्याने सूर लावला, "या वुजिग्राने सात जण लोळवले!" मला तर शरमच वाटली. तादेलेच उठली. शालीतून बोल्ट काढून तिने सगळ्यांसमोर ठेवला.

"हा माझ्याकडे होता," ती म्हणाली. "माझ्यामुळे तो रिकाम्या हाताने मेला. गाऊ नका."

गाणाऱ्याने घसा खाकरला, मला आणखी उंच धरलं आणि गायला लागला, "बोल्टाशिवाय लोळवले सात!" सगळं गाव ऊर बडवत साथ करू लागलं. धन्य आहे बाबांनो तुमची!

आता मी तादेलेचच्या घरात आडवी टांगलेली असते, माझ्यावर मिरच्या वाळतात. लोक अजून मला बघायला येतात. सातांचे एव्हाना अकरा झालेत. तुम्ही आलात तर माझी खुशाल टवाळी करा, पण तिच्यासमोर त्याच्या शौर्याचं नाव काढू नका. लोक गेले की ती दार लावून घेते आणि मग बराच वेळ चूल पेटत नाही.